किल्लारीची घरे: मदत कोणाची, नकाशा कोणाचा?

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात जो भूकंप झाला तो शास्त्रज्ञांच्या लेखी मध्यम स्वरूपाचा होता, तीव्रता ६.२च्या आसपास. तरीही आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. ती मारली घरांनी. मातीत रचलेल्या गोलसर दगडांच्या दोन-दोन फूट जाड भिंती, दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि वर गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेले माळवद. म्हणजे या आपत्तीत मदतीचा खरा प्रश्न घराचाच होता. अन्न, औषधे, तंबू यांची धावपळ काही आठवड्यांची. घर मात्र पुढच्या दोन पिढ्यांचे. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि असंख्य देणगीदारांच्या पैशातून राज्य सरकारने तेव्हा जे पुनर्वसन हाती घेतले, त्यात घर देण्याच्या दोन पद्धती शेजारी-शेजारी चालल्या. त्यांची तुलना केली की एक गोष्ट उघड दिसते: आपद्ग्रस्ताला जिथे निर्णय घेता आला तिथे मदत रुजली, आणि जिथे त्याला नुसती किल्ली मिळाली तिथे ती अर्धवट राहिली.

पहिली पद्धत स्थलांतराची. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. आराखडे बाहेरच्यांनी काढले, बांधकाम ठेकेदारांनी किंवा देणगीदार संस्थांनी केले. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आले, गावे जुन्यापेक्षा कितीतरी पट पसरली. शेते लांब गेली, भावकी विखुरली. जनावरे, कडबा आणि अवजारे कुठे ठेवायची याचा विचार नकाशात फारसा नव्हताच. लोकांनी मग पत्र्याची शेड, आडोसे, कुंपणाच्या भिंती स्वतःच घातल्या. घराचा आकार जमिनीच्या धारणेवर ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. गावातली जुनी उतरंड अशी सरकारी खर्चाने सिमेंटमध्ये पक्की झाली, हे मला या योजनेतले सर्वांत बोचणारे कलम वाटते.

दुसरी पद्धत कमी नुकसान झालेल्या गावांची. तिथे पावणेदोन लाखांहून अधिक घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी पैसे हप्त्याहप्त्याने थेट कुटुंबाकडे गेले. अभियंता सल्ल्याला, काम मालकाचे. सुरुवातीला योजना रखडली, कारण नियम गावापर्यंत पोहोचत नव्हते. तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. हप्ता कधी येतो, सिमेंट कुठे मिळते, कोपऱ्यात सळई का हवी, हे त्या घरोघर सांगू लागल्या.

यावर पहिला आक्षेप असा की, स्थलांतराची मागणी खुद्द लोकांचीच होती. हे खरे आहे. ज्या ढिगाऱ्यातून घरातली माणसे बाहेर काढावी लागली, तिथे पुन्हा राहायला कोण धजावेल? पण गाव हलवण्याचा कौल दिला म्हणजे अंगण, गोठा आणि शेजार यांवरचा हक्क सोडला, असे होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसे हातात दिले की माणूस शास्त्र पाळतोच असे नाही. इथेही जुन्या भिंती मजबूत करण्याऐवजी अनेकांनी त्या पैशात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. तांत्रिकदृष्ट्या योजनेचा हेतू चुकलाच. पण दगडी भिंतीखाली झोपायची भीती अभियंत्याच्या कोष्टकात नव्हती, ती त्या खोलीने घालवली. शिवाय ठेकेदाराचे काम निर्दोषच असते, असा दावा कोणी छातीठोकपणे करणार नाही. तिसरा आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो. मालकाच्या हाती पैसा द्यायचा, तर ज्याच्या नावावर घरच नाही त्याचे काय? भूमिहीनांना स्थलांतरात निदान २५० फुटांचे छप्पर मिळाले. मालककेंद्री योजनेला ही फट आधीच बुजवावी लागते, ती आपोआप बुजत नाही.

हीच दुसरी पद्धत पुढे गुजरातेत मुख्य मार्ग ठरली. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर कच्छमधल्या बहुसंख्य गावांनी स्थलांतर नाकारले. गुजरात सरकारने हप्त्यांनी पैसे देऊन मालकांनाच जागच्या जागी घरे बांधू दिली आणि त्या मार्गाने सुमारे दोन लाख घरे उभी राहिली. मराठवाड्यातल्या बायका तिथे जाऊन कच्छी बायकांना आपला अनुभव सांगत होत्या. सरकारी अहवालांपेक्षा हा धडा त्यांच्याच तोंडून लवकर पोहोचला असेल, तर नवल नाही.

दिवाळीच्या सुमारास देणगीची आवाहने घरोघर येतात. घरबांधणीसाठी पैसे मागणाऱ्या संस्थेला धनादेश देण्याआधी एवढे जरूर विचारा: नकाशा ठरवताना त्या घरात राहणारी बाई बैठकीला होती का?