कागदी शुभंकराचे देशाटन

अमेरिकेतील शाळांना बहुधा स्वतःचा एखादा शुभंकर असतो. येल विद्यापीठात ‘हँडसम डॅन’ हे एकच नाव धारण करणाऱ्या बुलडॉग कुत्र्यांची परंपरा १८८९ पासून चालत आलेली आहे, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बॅजरला ‘बकी’ म्हणतात, आणि थोरांची ही चाल गावोगावच्या प्राथमिक शाळांनीही उचलल्यामुळे कोठे गरुड, कोठे वाघ, तर कोठे अस्वल शाळेच्या भिंतीवर आणि मुलांच्या सदऱ्यांवर विराजमान झालेले दिसते. या प्राण्याची जाड कागदावर छापलेली आकृती मुलाने स्वतः कापावी, रंगवावी, भिजू नये म्हणून लॅमिनेट करून घ्यावी, आणि सुट्टीत जेथे जाणे होईल तेथे ती बरोबर नेऊन पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यापुढे, गीझाच्या पिरॅमिडांपाशी किंवा आजोळच्या अंगणात तिचे छायाचित्र काढून शाळेकडे पाठवावे, असा प्रघात गेल्या काही दशकांत तिकडे रूढ झाला आहे. या प्रघातात शिक्षणाची फार मोठी शक्ती आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच त्याचे मूळ व त्याची रीत येथे सांगण्याचे योजिले आहे.

मूळ आहे एका बालकथेत. जेफ ब्राऊन या अमेरिकन लेखकाची ‘फ्लॅट स्टॅनली’ ही गोष्ट १९६४ साली टोमी उंगरर यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाली. झोपेत अंगावर सूचनाफलक पडल्यामुळे स्टॅनली लॅम्बचॉप नावाचा मुलगा अवघा अर्धा इंच जाडीचा होऊन जातो. मग तो बंद दाराखालच्या फटीतून सरकतो, धाकटा भाऊ त्याचा पतंग करून उडवितो, संग्रहालयात चित्राचे सोंग घेऊन तो चोरांना पकडून देतो, आणि कॅलिफोर्नियातील मित्राकडे जाण्यास प्रवासखर्च फार येतो असे दिसल्यावर आईवडील त्याला मोठ्या लखोट्यात घालून टपालाने रवाना करतात. या शेवटच्या प्रसंगाला इतिहासात एक विलक्षण दाखला सापडतो. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१३ च्या जानेवारीत पार्सलसेवा सुरू केली, तेव्हा काही पालकांनी प्रत्यक्ष आपली मुलेच पार्सल म्हणून खात्याच्या हवाली केली होती. त्यांपैकी आयडाहो राज्यातील मे पिअरस्टॉर्फ ही बालिका १९१४ साली ५३ सेंटांच्या तिकिटांवर, टपालाच्या डब्यात काम करणाऱ्या एका आप्ताच्या देखरेखीखाली, आपल्या आजीकडे सुखरूप पोहोचली.

कथेतील या लखोट्याचे शाळेच्या दृष्टीने मोल ओळखले ते कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील लंडन शहरी तिसरीच्या वर्गास शिकविणारे डेल ह्युबर्ट यांनी. १९९५ साली त्यांनी जो उपक्रम आरंभिला त्याची रीत अशी, की मुलांनी गोष्ट वाचावी, आपापला कागदी स्टॅनली तयार करावा, त्याची हकीकत एका कोऱ्या वहीत लिहिण्यास प्रारंभ करावा, आणि पत्रासह तो दूरच्या कोणाकडे तरी पाठवावा. ज्याच्याकडे तो पोहोचेल त्याने त्याला पाहुणा मानून कामावर, बाजारात, उत्सवात बरोबर न्यावे, जे पाहिले ते वहीत लिहावे आणि वही परत धाडावी. या योजनेचे मर्म ह्युबर्ट यांनी अचूक हेरले होते. आठ वर्षांच्या मुलाला ‘परक्या माणसास पत्र लिही’ असे सांगितले, तर दोन ओळींनंतर त्याची लेखणी अडते. परंतु दोघांनाही ठाऊक असलेला एक तिसरा स्नेही मध्ये आला, म्हणजे त्याची खुशाली विचारण्यास आणि कळविण्यास विषय आपोआप सुचत जातात. पुढे अनेक शाळांनी स्टॅनलीच्या जागी आपलाच वाघ वा गरुड बसविला, आणि ‘फ्लॅट टायगर’, ‘फ्लॅट ईगल’ अशी मंडळी प्रवासाला निघाली.

हा प्रवास स्वस्त आणि निर्वेध होतो याचे श्रेय एका जुन्या कराराला आहे. १८७४ साली बर्न येथे २२ राष्ट्रांनी जो टपालविषयक तह केला, त्याने सभासद देशांचा सारा मुलूख पत्रव्यवहारापुरता एकच मानला. त्या व्यवस्थेत हिंदुस्थान १८७६ मध्ये सामील झाला. सरहद्दीवर माणसाला अडविणारे दप्तर साध्या पत्राला सहसा अडवीत नाही.

मात्र एका गोष्टीचा येथे स्पष्टपणे निषेध केला पाहिजे. जेथे केवळ छायाचित्रे मागविली जातात आणि अधिक दूरचे छायाचित्र अधिक मानाचे ठरते, तेथे हा उपक्रम सधन कुटुंबांच्या सहलींचे प्रदर्शन होऊन बसतो, आणि ज्या मुलाचे आईवडील सुट्टीतही रोजीवर जातात त्याचा वाघ दप्तरातच राहतो. टपालाच्या रीतीत हा अन्याय नाही, कारण तेथे मुलाने घर न सोडताही त्याच्या हातची आकृती समुद्रापलीकडे जाते. शिक्षकांनी शेजारच्या वाण्याच्या दुकानात काढलेल्या छायाचित्राला आयफेल मनोऱ्याइतकाच मान द्यावा, आणि वहीवाचून कोणतेही छायाचित्र स्वीकारू नये.

अशा आकृतीविषयी माणसांच्या मनात किती जिव्हाळा उत्पन्न होतो हे १५ जानेवारी २००९ रोजी दिसून आले. न्यूयॉर्कला हडसन नदीत उतरवावे लागलेल्या विमानात एका प्रवाशाच्या हातपेटीत एक कागदी स्टॅनली होता. विमानातील १५५ माणसे बचावली, आणि त्यांच्याबरोबर तोही सुखरूप काठावर आला.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील नातवंडे सुट्टीत पुण्याला, नागपूरला किंवा कोल्हापूरला येतात, तेव्हा त्यांच्या सामानातून असा एखादा कागदी पाहुणा आपल्याही घरी येऊ शकतो. तो आल्यास त्याला केवळ शनिवारवाड्यापुढे उभा करून सोडू नका. मंडईत न्या, एस.टी.त बसवा, आपल्या गल्लीचे वर्णन त्या वहीत स्वतःच्या हाताने चार पाने भरेल इतके लिहा, आणि शाळेने घालून दिलेल्या मुदतीत वही परत जाईल याची काळजी घ्या.