तोतया राजा आणि काल्पनिक राज्य : 'द प्रिझनर ऑफ झेंडा' व त्याची परंपरा

१.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कादंबरीत एक उपप्रकार रूढ झाला. युरोपच्या नकाशावर नसलेले एखादे छोटे राज्य, त्याच्या सिंहासनावर डोळा ठेवून बसलेला भाऊबंद, संकटात सापडलेला राजा आणि योगायोगाने तेथे येऊन पोचलेला परदेशी तरुण, अशी या कादंबऱ्यांची ठरीव मांडणी असते. अँथनी होप यांच्या 'द प्रिझनर ऑफ झेंडा' (१८९४) या कादंबरीतील रुरिटानिया राज्यावरून या प्रकारालाच 'रुरिटानियन रोमान्स' असे नाव मिळाले. निव्वळ रंजनपर वाङ्मय म्हणून समीक्षेने त्याची फारशी दखल घेतली नाही. तथापि या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी एक गंभीर प्रश्न आहे : राज्य करण्याचा अधिकार आणि राज्य करण्याची पात्रता एकाच व्यक्तीच्या ठायी नसतील, तर राजा कोणाला म्हणावे? काल्पनिक राज्याची योजना वाचकाला वास्तवापासून दूर नेण्यासाठी नसून हा प्रश्न उभा करता यावा यासाठी आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे सूत्र आहे.

२.

काल्पनिक राज्ये मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) पासून सुरू झालेल्या अद्भुतरम्य कादंबरीत राजे, प्रधान, कपटी कारस्थाने आणि विरह यांची रेलचेल आहे. परंतु त्या कादंबऱ्यांतील राज्यांना निश्चित काळ नाही. रुरिटानियाचे वैशिष्ट्य नेमके येथे आहे. हे राज्य काल्पनिक असले तरी त्याचा काळ वाचकाचाच काळ आहे. नायक लंडनहून निघतो, पॅरिस व ड्रेस्डेन मार्गे आगगाडीने तेथे पोचतो. तेथे तारा येतात-जातात, तलवारीबरोबर पिस्तुलेही चालतात. आधुनिक दळणवळण आहे, पण सत्ता मात्र एका माणसाच्या देहात साठलेली आहे. त्या देहाला पळवले तर राज्यच पळवले जाते. इंग्लंडमध्ये सत्ता संसदेकडे गेल्यामुळे अशी कथा तेथे घडणे शक्य नव्हते. म्हणून आगगाडीने गाठता येईल इतके जवळचे आणि तरीही राजसत्ताक असे राज्य कल्पावे लागले.

या कल्पनेला इतिहासाचा आधार होता. १८६६ मध्ये प्रशियाने हॅनोव्हरचे राज्य खालसा केले. १८७१ मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले आणि अनेक छोटी राजघराणी नामधारी उरली. बल्गेरियाचा अधिपती अलेक्झांडर बॅटनबर्ग याला १८८६ मध्ये त्याच्याच लष्करी अधिकाऱ्यांनी पकडून देशाबाहेर नेले आणि त्याच वर्षी त्याला पदत्याग करावा लागला. राजाचे अपहरण ही त्या वाचकांच्या दृष्टीने कपोलकल्पित गोष्ट नव्हती.

होप यांच्यापूर्वी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी 'प्रिन्स ऑटो' (१८८५) मध्ये ग्रूनेवाल्ड हे असेच राज्य निर्माण केले होते. त्यातील ऑटो हा वैध राजा आहे, सज्जनही आहे. पण राज्यकारभाराची त्याला आवड नाही. सत्ता महत्त्वाकांक्षी मंत्री गाँड्रेमार्क याच्या हाती जाते आणि शेवटी क्रांती होऊन राज्यच संपते. येथे अधिकार आणि अपात्रता एकाच माणसात आहेत. त्यामुळे कथेचा शेवट सिंहासनाच्या नाशात होणे अटळ ठरते. होप यांनी याच पेचाला वेगळे रूप दिले.

३.

'झेंडा'चा नायक रुडॉल्फ रॅसेंडिल हा एका इंग्रज उमराव घराण्यातील धाकटा, काही न करणारा तरुण. रुरिटानियाच्या एल्फबर्ग घराण्यातील एका राजपुत्राचा अठराव्या शतकात या घराण्यातील स्त्रीशी विवाहबाह्य संबंध आला होता. त्यामुळे तांबडे केस आणि सरळ, लांब नाक ही एल्फबर्गांची खूण रॅसेंडिलकडे आली आहे. राज्यारोहणाच्या आदल्या रात्री राजाला त्याचा सावत्र भाऊ मायकेल मद्यातून गुंगीचे औषध देतो. राज्याभिषेक चुकला तर सिंहासन मायकेलकडे जाईल, हे ओळखून कर्नल सॅप्ट हा निष्ठावंत सरदार रॅसेंडिललाच राजा म्हणून उभा करतो. एका दिवसाचे हे सोंग लांबते, कारण दरम्यान खरा राजा मायकेलच्या हाती पडून झेंडाच्या किल्ल्यात कैद होतो.

होप यांची कल्पकता येथे दिसते. त्यांनी अधिकार एका देहात ठेवला, पात्रता दुसऱ्या देहात ठेवली आणि दोघांना चेहरा मात्र एकच दिला. कारस्थानाची गतीही याच रचनेतून येते. सिंहासनावर तोतया आहे, हे मायकेलला ठाऊक आहे. पण ते उघड करायचे तर खरा राजा आपल्याच कैदेत असल्याचे कबूल करावे लागेल. राजा कोठे आहे, हे सॅप्टला ठाऊक आहे. पण तसा आरोप करायचा तर अभिषेक भलत्यालाच झाल्याचे मान्य करावे लागेल. दोन्ही पक्षांची तोंडे बंद असल्यामुळे जे न्यायालयात किंवा रणांगणावर व्हायचे, ते रात्री, खंदकाकाठी, मोजक्या माणसांत होते. होप व्यवसायाने बॅरिस्टर होते आणि १८९२ मध्ये लिबरल पक्षातर्फे संसदेची निवडणूक लढवून पराभूत झाले होते. पुराव्याचा हा पेच त्यांना सुचावा, हे स्वाभाविक आहे.

'तोतया' या शब्दाला मराठीत इतिहासाचा भार आहे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन उभा राहिलेल्या तोतयाचे बंड १७७६ मध्ये मोडले गेले. तो तोतया राज्य मिळवण्यासाठी सोंग घेतो. रॅसेंडिल राज्य राखून परत देण्यासाठी घेतो. परंतु मोह त्यालाही होतो. राजा किल्ल्यातच मेला तर सिंहासन आणि राजकन्या फ्लाव्हिया दोन्ही आपलीच, हा विचार त्याच्या मनात येतो आणि निवेदक या नात्याने तो त्याची कबुलीही देतो. हा मोह नसता तर त्याच्या त्यागाला किंमत राहिली नसती.

एका प्रसंगाकडे मात्र विशेष लक्ष दिले पाहिजे. राजधानी स्ट्रेल्सॉचे दोन भाग आहेत : सुखवस्तू नवे नगर राजाच्या बाजूचे, तर दरिद्री जुने नगर मायकेलच्या बाजूचे. म्हणजे गरिबांची आशा खलनायकावर आहे. मिरवणुकीच्या वेळी रॅसेंडिल लवाजमा दूर ठेवून जुन्या नगरातून एकटा घोड्यावरून जातो आणि लोकांची मने जिंकतो. येथे राजकीय असंतोषाची नोंद होते. पण त्याला मिळणारे उत्तर वैयक्तिक धैर्याचे असते, न्यायाचे नव्हे. या वाङ्मयप्रकाराची मर्यादा याच जागी स्पष्ट होते.

४.

पहिल्या कादंबरीच्या शेवटी अधिकाराचा विजय होतो. राजा सुटतो, फ्लाव्हिया प्रेमापेक्षा कर्तव्य निवडते, रॅसेंडिल इंग्लंडला परततो. परंतु होप यांचे या उत्तराने समाधान झालेले दिसत नाही. 'रुपर्ट ऑफ हेंट्झाऊ' (१८९८) या उत्तरार्धात खरा राजा मारला जातो. आता रॅसेंडिलने सिंहासन घेण्यास कोणाचाही अडसर उरत नाही. असत्य मात्र कायमचे होणार असते. तो आपला निर्णय सांगण्यापूर्वीच त्याच्यावर गोळी झाडली जाते आणि राजा म्हणूनच त्याचे दफन होते. लेखकाने निर्णयच टाळला, असे यावर म्हणता येईल. पण रक्ताला डावलून पात्रतेला सिंहासन द्यावे, हे म्हणणे त्या काळच्या इंग्रजी कल्पनेला पेलणारे नव्हते, आणि देऊ नये, हे म्हणणेही आता अवघड झाले होते, असा या मौनाचा अर्थ अधिक संभवतो.

अमेरिकन लेखकांना ही अडचण जाणवली नाही. जॉर्ज बार मॅकचन यांच्या 'ग्राउस्टार्क' (१९०१) मध्ये सामान्य अमेरिकन तरुण राजकन्येशी विवाह करतो. तेथील संकटही आधुनिक आहे : युद्धानंतर शेजारी राज्याला द्यावयाच्या रकमेचे ओझे. एडगर राइस बरोज यांच्या 'द मॅड किंग' मध्ये नेब्रास्काचा बार्नी कस्टर ल्युथा या राज्याचा राजाच होतो. मात्र त्याची आई त्याच राजघराण्यातील आहे. प्रजासत्ताकाच्या नागरिकाला राजा करतानाही लेखकाला रक्ताचा धागा सोडवला नाही, ही बाब बोलकी आहे.

५.

१९१८ मध्ये ऑस्ट्रिया व जर्मनीची सिंहासने कोसळली आणि या प्रकाराचा वास्तवातील आधार गेला. तरीही काल्पनिक राज्य टिकले, कारण वैधतेचा प्रश्न संपला नव्हता. एर्जे यांच्या टिनटिन चित्रमालिकेतील ओटोकारच्या राजदंडाची कथा १९३८-३९ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. सिल्डाव्हियाच्या राजाजवळ ठरल्या दिवशी राजदंड नसेल तर त्याला पदत्याग करावा लागेल, आणि शेजारचे राष्ट्र याच संधीची वाट पाहत आहे. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्याची छाया या कथेवर स्पष्ट आहे. आता धोका भाऊबंदापासून उरला नाही. तो हुकूमशाहीकडून आहे.

भारतात या कथेला निराळी भूमी मिळाली. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी 'झिंदेर बंदी' या बंगाली कादंबरीत 'झेंडा'चे कथानक एका संस्थानात आणले. तपन सिन्हा यांनी १९६१ मध्ये त्यावर चित्रपट काढला. येथे राज्याचे नाव तेवढे कल्पावे लागले. राजवाडा, दत्तकविधान, भाऊबंदकी आणि वारसाचे वाद हे सारे संस्थानी जीवनात प्रत्यक्ष होते.

रुरिटानिया हा शब्द पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांनी काल्पनिक राष्ट्राचे उदाहरण देण्यासाठी स्वीकारला. ही गोष्ट या वाङ्मयप्रकाराच्या स्वरूपाशी सुसंगतच आहे. कायद्याच्या विवेचनात जसे एखादे प्रकरण सर्व तपशील आपल्या हाती ठेवून कल्पिले जाते, तसेच होप यांनी एक राज्य कल्पिले आणि त्यात राजत्वाच्या दाव्याची सुनावणी घेतली. पहिल्या कादंबरीत त्यांनी निकाल दिला. दुसरीत तो राखून ठेवला. या प्रकाराचा अभ्यास करताना साहसाच्या चढत्या क्रमापेक्षा या राखून ठेवलेल्या निकालाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.