कंपवात आणि घ्राणेंद्रिय
बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील मेंदुपेढीत मृतांच्या आप्तांनी दान केलेले मेंदू अभ्यासासाठी जतन केले जातात. कंपवाताचा आरंभ मेंदूत कोठे होतो, हे अशा मेंदूंवरूनच उमगते. कारण हात थरथरू लागेतो पुष्कळ चेतापेशी नष्ट झालेल्या असतात. त्याआधी कित्येक वर्षे गंधज्ञान मंदावलेले असू शकते. फोडणीतील हिंगाचा वास येईनासा झाला, तर आपण पडशाला दोष देतो. आणि बहुधा ते खरेही असते! २००३ साली हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने प्रतिपादिले की, या रोगातील प्रथिनांच्या गुठळ्या नाकाच्या वरील गंधकंदात प्रथमावस्थेतच आढळतात. मेंदूच्या रक्षक पेशी त्यांवर तुटून पडतात. परंतु हा दाह लांबला, तर शेजारच्या निरोगी पेशीही होरपळतात. गुठळी आधी की दाह आधी, हा वाद अद्याप मिटलेला नाही.