काडीला ओवलेला घास

बाजारच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते. अशाच गर्दीत एक आई साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. सोबत सासूबाई. "डॉक्टर, कायबी करा, पण ह्याला भुकेचं औषध द्या. घासच घेत नाही," हे पहिलेच वाक्य. असे वाक्य मी रोज चार वेळा ऐकतो.

मुलगा दिवसभरात काय खातो, असे विचारले. उत्तर आले, "काहीच नाही." मग दूध? सकाळी दोन पेले, दुपारी एक, संध्याकाळी एक, निजताना एक, आणि प्रत्येक पेल्याबरोबर बिस्किटे. घरी जनावरे, खव्याची भट्टी. भूम तालुक्यात दुधाला तोटा नाही. दुधाने पोट भरलेले मूल भाकरीला तोंड कशाला लावील? पापणी खाली ओढून पाहिली तर आतून पांढरट. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.२ निघाले.

दूध वाईट नव्हे. पण एक लिटर दुधात एक मिलिग्रॅमही लोह नसते आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलाला दिवसाला ८ मिलिग्रॅम लागते. शिवाय दुधातील कॅल्शियम इतर अन्नातील लोह शोषू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांत रक्त कमी आढळले. त्यात खात्यापित्या घरचीही पोरे आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षात मूल सहा किलोने वाढते, दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलोने, पुढे दरवर्षी दोनच्या आसपास. वाढ मंदावली की भूकही मंदावते. हा आजार नव्हे. आई मात्र घाबरते, ताट घेऊन मागे धावते, हल्ली हातात मोबाईल देऊन घास कोंबते. मग मूल जेवणालाच वैरी समजू लागते. भूक वाढवणारी सिरपे मीही पूर्वी लिहून देत असे, हे कबूल करतो. त्यातील काही मुळात ॲलर्जीची औषधे. मूल पेंगते, चार दिवस थोडे जास्त खाते, बाटली संपली की पुन्हा तेच.

त्या दिवशी मी दूध दोन कपांवर आणायला सांगितले, लोहाचे औषध दिले आणि सासूबाईंना विचारले, "आजी, नवरात्रात फुलोरा बांधता ना? कडाकण्या दोऱ्यात ओवताना पोरे किती घिरट्या घालतात?" त्या हसल्या. पाडव्याच्या गाठीचेही तेच, आणि जत्रेतल्या काडीवरच्या गोळ्याचेही. तोच पदार्थ ताटात ठेवला तर मूल पाहत नाही, ओवून टांगला की हात पुढे येतो.

तेव्हा घरी काडीला ओवून द्या. धपाट्याचे चौकोनी तुकडे, उकडलेल्या अंड्याची फोड, पातवडी, उकडलेला बटाटा, मध्ये पिकल्या पेरूची बिया काढलेली फोड. लिंबू पिळा, क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. काडीवर चारच तुकडे, जास्त नकोत. आणि जमले तर मुलालाच ओवू द्या. ओवताना ते पदार्थ हाताळते, हुंगते, त्याची भीती मोडते. नवा पदार्थ मुलाला रुचायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण दुसऱ्याच वेळी "ह्याला आवडत नाही" असा शिक्का मारतो.

आता धोक्याचे. काडीचे टोक आधी मोडून बोथट करावे. ज्वारीच्या धाटाची चोय वापरू नये, तिची धार ओठ कापते. चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती काडी देऊच नये. मोठ्यांनी काडी धरावी, मुलाने तुकडा ओढून घ्यावा, किंवा आइस्क्रीमची चपटी काडी वापरावी. खाताना मूल बसलेले हवे, पळत नको. आख्खे द्राक्ष, कच्च्या गाजराचा तुकडा आणि शेंगदाणा तर मुळीच नको. आपल्याकडे घरोघर शेंगा असतात आणि श्वासनलिकेत अडकलेला दाणा मिनिटांत जीव घेऊ शकतो. दाण्याचे कूट द्यावे.

ही जादू नाही. आठवडाभरात नवलाई ओसरते. पण तोवर मूल सर्वांबरोबर बसायला लागले असेल तर काडीचे काम झाले. काय आणि केव्हा द्यायचे ते आईने ठरवावे, किती खायचे ते मुलाने. वजन वाढतच नसेल, माती किंवा खडू खात असेल, वरचेवर जुलाब होत असतील, घास गिळताना ठसका लागत असेल तर मात्र घरचे उपाय थांबवून दवाखाना गाठावा. जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अंगणवाडीत मिळते, ती चुकवू नये.

दोन महिन्यांनी ते मूल पुन्हा आले. हिमोग्लोबिन १०.६. औषध अजून तीन महिने चालू ठेवायला सांगितले. आई म्हणाली, आता काडी लागत नाही, पण अंडे अजून खात नाही. आजींनी मध्येच सांगितले, "परवा माझ्या ताटातलं चाटून बघितलं त्यानं."