पांढरा कोळसा

पुण्याच्या उत्तरेस पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग पसरलेली आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे येथील माळरानांवर औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. औषधे, खाद्यपदार्थ इत्यादींच्या कारखान्यांना विजेप्रमाणेच वाफही लागते. ही वाफ बॉयलरमध्ये तयार होते. बॉयलरची आग पूर्वी बहुधा दगडी कोळशावर किंवा तेलावर पोसली जाई. आता अनेक ठिकाणी ती ‘पांढऱ्या कोळशा’वर पेटते.

हा कोळसा खाणीतला नव्हे, शेतातला होय. रंगानेही तो तपकिरीच असतो. भुईमुगाची टरफले, तुराट्या, उसाचे पाचट, लाकडाचा भुसा हे सारे सुकवून, बारीक करून यंत्रात प्रचंड दाबाने दाबतात. त्या वेळी निर्माण होणाऱ्या उष्णतेने वनस्पतींतील लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होते व भुसा त्याच्याच चिकटपणाने बांधला जाऊन त्याच्या घट्ट कांड्या बनतात. शेतकरी जे पाचट बांधावर पेटवून देई, त्याचे आता पैसे येऊ शकतात.

धूर दोहोंचाही होतो. मग लाभ कोणता? दगडी कोळशात कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडला गेलेला कार्बन असतो. तो जाळल्याने हवेत नवी भर पडते. पिकाने मात्र गेल्या हंगामातच हवेतून घेतलेला कार्बन परत केलेला असतो.

तथापि, केवळ इंधन बदलून भागत नाही. काडीकचऱ्याच्या राखेतील क्षार वितळून नळ्यांना चिकटतात. ओलसर इंधन नीट जळत नाही. म्हणून काही बॉयलरांत तापलेल्या वाळूच्या थरातून खालून जोराने हवा सोडतात. वाळू आधणासारखी खदखदते आणि तीत इंधन सर्वत्र सारखे जळते. असे बॉयलर बनविणारा थरमॅक्स हा कारखाना चिंचवडलाच आहे.

इंग्लंडमधील ड्रॅक्स या प्रचंड वीजकेंद्राच्या सहांपैकी चार संचांत २०१३ पासून क्रमाक्रमाने कोळशाऐवजी लाकडाच्या गोळ्या जाळण्याची सोय झाली. परंतु त्या मुख्यतः उत्तर अमेरिकेतून जहाजाने आणाव्या लागतात आणि त्यांच्यापायी जंगले तुटतात, असा आक्षेप घेतला जातो.

यातून आपणही बोध घ्यावा. झाड तोडून कोळसा वाचविणे हे शहाणपण नव्हे. शेतातील सारे पाचट कारखान्यात गेले, तर जमीनही उपाशी राहील. मातीचा वाटा मातीला देऊन जे उरेल, त्यावरच बॉयलरचा हक्क आहे.