हुकमाचे सिनेमे

शिनचॅन मराठी घरांत शिरला तो हिंदी बोलत. २००६मध्ये ‘हंगामा’ वाहिनीवर त्याची मालिका सुरू झाली, २००८मध्ये सरकारी आदेशाने ती बंद पडली आणि पुढे बरीच काटछाट होऊन परतली. आईला नावाने हाक मारणारं, मोठ्यांची टर उडवणारं, ढुंगण उघडं टाकून नाचणारं हे पाच वर्षांचं कार्टं मुलांना काय शिकवणार, ही तक्रार जपानमध्येही जुनीच. तिथल्या पालक-शिक्षक संघांच्या देशव्यापी पाहणीत ‘मुलांना दाखवू नयेत असे कार्यक्रम’ विचारले की हे नाव वर्षानुवर्षं वरच्या जागांवर असे. त्यात नवल नाही. योशितो उसुई यांनी १९९०मध्ये ही चित्रकथा सुरू केली तीच मुळी मोठ्यांच्या साप्ताहिकात. मुलांनी तिला आपलंसं केलं ते १९९२मध्ये ती टीव्हीवर आल्यावर.

माझं कुतूहल अडकलं आहे ते याच्या पुढच्या गोष्टीत. याच कार्ट्याच्या २००२च्या चित्रपटाला जपानच्या सांस्कृतिक खात्याच्या माध्यमकला महोत्सवात अ‍ॅनिमेशन विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ज्याला पालक घराबाहेर ठेवू पाहत होते, त्याला सरकारी मखरात बसवलं गेलं. हे घडवणाऱ्या दिग्दर्शकाचं नाव आपल्याकडे शिनचॅनवर वाढलेल्या पिढीलाही सहसा ठाऊक नसतं. केइची हारा. आणि त्याच्या कामाचा माग काढत गेलं की वाट जाते ती १९४४च्या एका युद्धपटाकडे.

आधी या धंद्याची रीत. डोरेमॉनचा पहिला मोठा चित्रपट १९८०चा, आन्पानमानचा १९८९चा, शिनचॅनचा १९९३चा, पोकेमॉनचा १९९८चा. तेव्हापासून बरीच वर्षं जवळजवळ दर वर्षी एक, ठरलेल्या सुट्टीला. डोरेमॉन मार्चमध्ये, शिनचॅन बहुतेकदा एप्रिलमध्ये येई. पात्रं बदलायची नाहीत, वय वाढवायचं नाही, शेवटी सगळे सुखरूप घरी. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, वितरक, खेळणीवाले असे सगळे या गाडीत बसलेले असतात. अशा चित्रपटांना जाणकार समीक्षक हिशेबातच धरत नाहीत, आणि बहुतेक वेळा त्यांचं चुकतही नाही.

हारा १९५९चा, गुन्मा प्रांतातला. शिन-एई या स्टुडिओत डोरेमॉनच्या मालिकेवर काम करत तो तयार झाला. १९९७ ते २००२ असे सलग सहा शिनचॅनपट त्याने केले. पहिले चार चांगले आहेत, पण इथे रेंगाळण्यासारखे नाहीत.

पाचवा एप्रिल २००१चा. मोठ्यांचं साम्राज्य उलटून वार करतं, अशा अर्थाचं त्याचं नाव. केन आणि चाको हे जोडपं एक संघटना चालवतं. एकविसावं शतक गलिच्छ निघालं, माणसांनी भविष्यावर विश्वास ठेवला ते विसावं शतकच परत आणायचं, हा त्यांचा बेत. त्यासाठी त्यांनी जुन्या दिवसांचा वास तयार केला आहे. तो नाकात गेला की आईबाप पुन्हा लहान होतात, घरदार आणि मुलं सोडून निघून जातात. शिनचॅनचा बाप हिरोशी सापडतो १९७०च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात. ते प्रदर्शन सहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिलं होतं. अमेरिकी दालनातल्या चंद्रावरच्या दगडासाठी न संपणारी रांग, आणि तो बघायला मिळत नाही म्हणून भोकाड पसरलेला छोटा हिरोशी.

पोरगा बापाला शुद्धीवर आणतो तो त्याच्याच बुटाच्या वासाने. दिवसभर पायपीट करून घामेजलेल्या पायांचा वास. मग पडद्यावर हिरोशीचं आयुष्य सरकू लागतं. वडिलांच्या सायकलमागे बसलेला मुलगा, पहिलं प्रेम, शहरात आलेला तरुण, साहेबाची बोलणी, शिनचॅनची आई मिसाए हिच्याशी भेट, बाळाचा जन्म, गर्दीची गाडी, रात्री उशिरा घरी, आणि पुन्हा सायकल, या वेळी मागे स्वतःचा मुलगा. एकही संवाद नाही. मुलांच्या चित्रपटात मुलांना धड न कळणारी इतकी मिनिटं देणं हे धाडस आहे. सामान्य नोकरदाराच्या जगण्याला इतका मान देणारा दुसरा प्रसंग मला जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये माहीत नाही, आणि यात मी मियाझाकींचे चित्रपटही धरतो.

त्यानंतर, केनचा बेत हाणून पाडण्यासाठी चढायचा मनोऱ्याचा जिना. एकेक करून बाप, आई, तान्ही बहीण, कुत्रा मागे राहतात आणि शिनचॅन एकटा वर धावतो. पडतो, नाकातून रक्त येतं, उठून पुन्हा धावतो. हे दृश्य टीव्हीवर बघता बघता केनच्या वसाहतीतल्या माणसांची मागे जाण्याची ओढच ओसरते. कशासाठी हे सगळं, असं विचारल्यावर पोरगा सांगतो की भांडणं झाली तरी आईबाबांबरोबरच राहायचं आहे, आणि मोठं होऊन सुंदर ताया भेटायच्या आहेत. हरलेले केन आणि चाको मनोऱ्यावरून उडी टाकायला जातात, तेव्हा पिल्लांना जपणारं एक कबूतर आडवं येतं. पुन्हा एका कुटुंबानेच अडवलं, असं केन पुटपुटतो.

आता १९४४. हारा ज्यांना सर्वांत जास्त मानतो ते दिग्दर्शक केइसुके किनोशिता. ‘चोवीस डोळे’ आणि ‘नारायामा’ यांमुळे आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांना ते परिचित आहेत. युद्ध ऐन भरात असताना लष्कराच्या प्रचारासाठी त्यांच्याकडून ‘रिकुगुन’, म्हणजे ‘लष्कर’, करून घेण्यात आला. मुलगा आघाडीवर निघतो आणि आई त्याला निरोप देते, एवढाच शेवट. किनोशितांनी तो जवळजवळ शब्दांविना चित्रित केला. किनुयो तानाका ही अभिनेत्री गर्दीतून वाट काढत, ठेचकाळत, चालत्या पलटणीच्या कडेने धावत राहते. अभिमानाने मुलगा अर्पण करणारी आई हवी होती. पडद्यावर आली ती त्याला सोडवत नसलेली आई. लष्कराचा रोष ओढवला, पुढचा चित्रपट रद्द झाला, किनोशितांनी राजीनामा दिला.

दोन्ही चित्रपट हुकमाचे, एक सेनेच्या आणि एक बाजाराच्या. दोन्हींत दिग्दर्शकाने शब्द काढून घेतले आणि माणसाला धावायला लावलं. संवाद नसला की वरच्यांना बोट ठेवायला जागा उरत नाही. हाराने त्या आईचं धावणं पोराच्या पायांत उतरवलं, हे माझं अनुमान. पण ते निराधार नाही, हे हाराच्याच पुढच्या कामातून दिसतं.

त्याआधी २००२चा, पारितोषिक मिळालेला चित्रपट. शिनचॅन १५७४च्या युद्धकाळात जाऊन पोचतो आणि माताबेई या सामुराईचा नकळत जीव वाचवतो. किल्ल्याचा वेढा, भाल्यांच्या रांगा, दगडफेक हे सगळं अभ्यासून रेखाटलेलं आहे. राजकन्या रेनवर माताबेईचं प्रेम आहे, पण दर्जा आडवा येतो. लढाई जिंकून परतताना गोळी लागून तो मरतो. मरताना त्याला उमगतं की मरण पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. पोराच्या येण्याने मिळालेले दिवस आपल्या माणसांना वाचवण्यापुरते होते. सगळे सुखरूप घरी, हा नियम इथे मोडला आणि तो मोडण्याची किंमत मुलांपासून लपवली नाही. २००९मध्ये ताकाशी यामाझाकी यांनी यावर खऱ्या नटांचा ‘बॅलड’ केला. तो देखणा आहे, पण रेखाटलेला माताबेई जास्त जिवंत आहे.

हाराने यानंतर शिनचॅनपटांचं दिग्दर्शन सोडलं. २०१३मध्ये त्याने आपला पहिला खऱ्या नटांचा चित्रपट केला, ‘हाजिमारी नो मिची’. विषय किनोशिताच. साल १९४५, राजीनामा दिलेला दिग्दर्शक अंथरुणाला खिळलेल्या आईला हातगाडीवर घालून, भाऊ आणि एका हमालाबरोबर डोंगर ओलांडतो आहे. हा दिग्दर्शक कोण आहे हे ठाऊक नसलेला हमाल वाटेत सांगतो की ‘रिकुगुन’मधली ती आई बघून आपण रडलो होतो. आणि मग हारा स्वतःचा चित्रपट थांबवून तानाकाचं ते धावणं आपल्याला दाखवतो, चांगलं लांबलचक. गुरूच्या दृश्याला आपल्या चित्रपटात एवढी जागा देणारा माणूस जिना रंगवताना ते विसरला असेल, हे मला पटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरातली मुलं शिनचॅन लावतील तेव्हा उठून जाऊ नका. २००१ आणि २००२चे हे दोन चित्रपट मिळवा, आणि मुलांच्या शेजारी बसून पूर्ण बघा.