बुडालेल्या शेतांवरचे रोहित

भिगवणजवळ कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी चोच उलटी धरून चिखल गाळतात, तिथे कधीकाळी भीमाकाठची पिकं उभी होती. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि इंदापूर तालुक्यातली नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळसुद्धा.

ही पाणथळ जागा कुणी आखलेली नाही. उसासाठी कालव्यांना पाणी सुटत गेलं की काठ उथळ होतो, चिखल उघडा पडतो, त्यात शेवाळ, किडे, शंखगोगलगायी मिळतात. धरण उशिरापर्यंत काठोकाठ राहिलं तर पक्ष्यांना उभं राहायलाही जागा नाही. थोडक्यात, रोहितांचं वेळापत्रक उसाच्या पाळीवर ठरतं! उघड्या पडलेल्या त्याच जमिनीत गाळपेरही होते, म्हणून पीक आणि पक्षी यांची ओढाताण.

याउलट कोकणातल्या खाडीकाठच्या खारभूमीत काठावरच्या पाण्याची किल्ली माणसाच्या हाती असते. भाताच्या खाचरांना बांध घालून खाडी अडवतात. बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, झडप भरतीला मिटते, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते. बांध फुटून तसाच राहिला, तर खाचरात हळूहळू कांदळवन उगवतं. उजनीच्या काठाला अशी उघाडी नाही. पक्ष्यांसाठी काही करायचंच, तर ते कालव्यांना पाणी सोडायच्या आवर्तनाच्या तारखा ठरवतानाच.